पाच नंबरचं मशीन आणि सुमनताईंची बोटं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणतो. मी स्वतःही थोडं फुगवून सांगतो, पण ते वेगळं. हे मात्र घडलं तसंच लिहितोय, कारण अजून आठवलं की डोकं सणकतं...

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीडमध्ये माणसांपेक्षा कॉम्प्युटर क्लास जास्त झाले होते. मी एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात होतो. कॉम्प्युटर कळणारा एकटा, म्हणजे आपोआप मराठवाड्यातला सर्वात हुशार. सगळ्या शाळांचे निकाल आमच्याकडे तयार व्हायचे. अध्यक्ष भाऊसाहेबांनी कुठून तरी आठ जुने कॉम्प्युटर आणले. मी ते वायरींनी जोडून क्लस्टर केला, म्हणजे एकच काम आठ जणांत वाटलं जाणार.

मला सोडून मस्टरवर माणसंही आठच. त्यांतले सात जण भाऊसाहेबांच्या घरचे – मेव्हणे, भाचे, साडू. दहाला सही करून जे गायब व्हायचे ते पाचला उगवायचे. आठव्या सुमनताई, रोजंदारीवरच्या टायपिस्ट. सगळ्यांचं काम त्या एकट्या ओढायच्या.

पूजेला नारळ फोडून भाऊसाहेब म्हणाले, "एकेका मशीनला एकेकाचं नाव द्या. घरच्या माणसाला मान पायजे." मी दीडशहाण्यानं प्रोग्रॅममध्येसुद्धा मशीनना तीच नावं दिली. पाच नंबर – सुमन.

खऱ्या निकालांआधी मशीन किती ताण सोसतात ते बघायला मी नकली काम तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. खोटी मुलं, खोटे मार्क. उभ्या देशात नसतील इतकी मुलं मी एका दुपारी नापास केली. वाटणी फासे टाकल्यासारखी – कुणाच्याही वाट्याला काहीही यावं अशी. चालू केलं, तर सात मशीन रिकामी आणि सगळं काम पाच नंबरवर. वायरी बदलल्या, जागा बदलल्या, प्रोग्रॅम पुन्हा लिहिला... तेच.

भाऊसाहेब बघायला आले. "काय बे, कोन बिघडलंय?"

"बिघडलं कुणीच नाही, साहेब. सात जण काम करत नाहीत."

एक मेव्हणा खुदकन हसला. भाऊसाहेब नाही हसले.

"पाच नंबर गोदामात टाका. आन् कॉम्प्युटर आल्यावर टायपिस्ट कावून ठिवायची? बाईला सांगा, उद्यापून येऊ नका."

"साहेब, काम तर त्याच–"

"तुला बी घरी बसायचंय का?"

मी पाच नंबरची वायर काढली आणि ताईंना निरोप दिला. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय.

दुसऱ्या दिवशी सात मशीनवर टेस्ट लावली. काम सपासप उरकलं. कुठलं काम कुठल्या मशीननं केलं त्याच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक कामापुढे एकच – 'पूर्ण: सुमन'. गोदामात धावलो. पाच नंबर खडूच्या खोक्यांखाली, वायर काढलेलं, थंडगार.

भाऊसाहेब खूश. "बघ, बाई न्हाई तरी लई झ्याक चाललंय. चालूच ठिव, पावन्यांना दाखवायचंय." मग रोज दहा ते पाच तेच. रविवारी तेवढी सुट्टी.

आठव्या दिवशी दुपारी स्कूटर काढून बीडजवळच्या पालीला गेलो, सुमनताईंच्या माहेरी. माफी मागायला. नोंदींचं सांगणार नव्हतो. ताई उंबऱ्याशी मिठाच्या कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसल्या होत्या. बोटं सुजून वांग्यांसारखी.

"हे काय, ताई?"

"काय की, सर. आई भांड्याला बी हात लावू दिना. तरी दहा वाजले की बोटं ठणकायला लागतेत. दिसभर टायपिंग केल्यावानी. पाचला थांबतंय."

मी हळूच विचारलं, "रविवारी?"

"रविवारी न्हाई." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी कावून विचारलं?"

चहाला थांबलो नाही. ऑफिसात पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, भाऊसाहेब मशीन दाखवत होते. मी सरळ मेन स्विच पाडला आणि त्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पायाखाली चिरडली.

"कुनाला इचारून बंद केलं बे?"

"काम करणारीला विचारून," म्हणालो. माझी नोकरी तिथंच संपली.

कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं, ते हसले. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मलाच गोळ्या दिल्या. मला आजही कारण सांगता येत नाही, आणि 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. ताईंची सूज दुसऱ्याच दिवशी उतरली. डाव्या हाताची करंगळी मात्र अजून सरळ होत नाही.