तिसरं कार्ड

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहाला जाणारा माणूस. लोणावळ्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात सोळा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. रक्त बघतो, रिपोर्ट देतो... बाकी काही मानत नाही. म्हणूनच हे लिहिताना स्वतःचा राग येतोय.

गेल्या वर्षी दरीत एका तरुणाची हाडं सापडली. कार्ल्याचा अझर चौदा महिने बेपत्ता होता — जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कामाला गेला, तो परतलाच नाही. पोलिसांनी त्याच्या आईवडिलांना डीएनएसाठी माझ्याकडे पाठवलं. वडील हुसेनभाऊ फाट्यावर टोप्या-गॉगल विकतात. आई रशीदामावशी. बोट टोचताना मावशी आपणहून म्हणाल्या, "माझंच दूध प्यालाय तो. जुळंल की रक्त." म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. दोघांच्या रक्ताचे थेंब नमुन्याच्या दोन जाड कागदी कार्डांवर घेतले आणि हवालदारासमोर पाकीट लाखेनं सील केलं. कार्डं दोन. दोनच.

पुण्याच्या डीएनए लॅबमधून रिपोर्ट आला, त्यात तीन होती. हुसेन — पिता नाहीत. रशीदा — माता नाही. तिसरं कार्ड, नाव खातूनबी — जैविक माता. सोबतच्या फोटोत लेबलवरचं अक्षर माझं होतं. सील शाबूत असल्याचंही वर नमूद केलेलं.

साहेबांनी मेमो दिला: ही तिसरी बाई कोण, दोन दिवसांत लेखी खुलासा करा.

मी कार्ल्याला गेलो. खातूनबी कोण, एवढंच विचारलं. हुसेनभाऊंनी मान खाली घातली. सांगितलं ते मावशींनी. खातून त्यांची शेजारीण. नवरा सोडून गेलेला, मागेपुढे कुणी नाही. सव्वीस वर्षांपूर्वी अझरच्या बाळंतपणात ती गेली. मावशींचं तान्हं मूल त्याच आठवड्यात दगावलेलं, त्यांनी अझरला छातीशी धरलं. त्यांच्यात दूध पाजलं की आईचं नातं लागतं. ते रक्तातही उतरलं असेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं... आणि अझरलाही कधी सांगितलं नव्हतं, मग पोलिसांना कशाला सांगतील?

"कागदावर मी न्हाई म्हनून लिवलंय नं," मावशी म्हणाल्या. "मग तिच्या नावानं सोडा त्याला. माती देताना मी मागं उभी ऱ्हाईन."

दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहायला बसलो. खरं काय लिहिणार — सव्वीस वर्षांपूर्वी वारलेल्या बाईचं रक्त माझ्या अक्षरात सापडलं? मला वेड्यात काढलं असतं, नोकरी गेली असती. मी लिहिलं: 'अन्य रुग्णाचे कार्ड नजरचुकीने पाकिटात गेले.' मग त्या अन्य रुग्णाचा मुलगा दरीत कसा सापडला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तिसरं कार्ड रद्द झालं. उरलेली दोन जुळत नव्हती. हाडं बेवारस म्हणून पुरली गेली, वर दगडसुद्धा नाही.

फाट्यावर भेट झाली की मावशी अजून चहाला थांबवतात. त्यांना वाटतं, मी माझ्या परीनं खूप धडपडलो.

ते कार्ड पाकिटात कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. पण ज्या कुणी ते ठेवलं, तिनं आपलं काम चोख केलं होतं. अझरला बेवारस केलं ते मी, माझ्या सहीनिशी.