मिझेच्या कोंबड्या आणि लवंगतेल

मिझेचा नवरा फाकी लवंगतेलाच्या भट्टीवर कामाला होता. लवंगा बोटीनं परदेशी जायच्या, भट्टीत शिजायचे ते देठ. संध्याकाळी आधी वास घरात यायचा, मागून फाकी. पेंबा बेटावर लवंगेच्या वासाचं कुणाला कौतुक नसतं, मिझेला तर मुळीच नव्हतं. तिचं लक्ष परसातल्या ब्रॉयलर कोंबड्यांकडे.

त्या वर्षी कोंबड्यांना हगवण लागली. शेडमध्ये अंथरलेला भुसा ओला, पिसं चिकटलेली, खाल्लेलं अंगी लागेना. पशुवैद्य मसूद यांनी औषध दिलं आणि बजावलं, "औषधाचा अंश मांसात राहतो. मी सांगेपर्यंत एकही कोंबडी कापायची नाही." नेमकं तेव्हाच शेजारी लग्न होतं. मिझेनं कोंबड्या द्यायला नकार दिला. पिलावात बोकड पडला आणि नवरीच्या आईनं मिझेशी बोलणं टाकलं.

पुढच्या खेपेची पिल्लं आली तेव्हा मसूद म्हणाले, "बाई, खाद्यात लवंगतेल घालून बघा. पोटातले जंतू आटोक्यात राहतात, पचन सुधारतं. सगळीकडे सारखाच गुण येतो असं नाही. पण तुम्हाला तेल मिळायला अडचण काय?"

"काही नाही. तेलवाला घरातच झोपतो."

फाकीनं बाटली विकत आणली. मिझेनं सढळ हातानं ओतली. कोंबड्यांनी दाणा दाणा चोचीत धरून बाहेर फेकला आणि दिवसभर उपाशी बसून राहिल्या.

"जास्त झालं वाटतं," फाकी म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?" मिझेनं विचारलं आणि खाद्य गोळा करायला बसली.

मग मसूद यांनी माप सांगितलं. एका पोत्याला चहाचा एक चमचा, तोही आधी थोड्या कोंड्यात चोळून घ्यायचा. मिझेनं शेडच्या मधोमध मासेमारीचं जुनं जाळं बांधलं. एकीकडे तेलाचं खाद्य, दुसरीकडे साधं. खेप संपताना तेलाकडचा भुसा कोरडा होता आणि कोंबड्या जरा भरलेल्या होत्या. चमत्कार नव्हता, पण तिकडे औषध द्यावं लागलं नाही.

चमत्कार केला तो तिच्या थोरल्या नणंदेनं, बियुबवानं. ती टेकडीपलीकडे राहायची, कोंबड्याही पाळायची. "आमच्या वहिनीच्या तेलापुढे रोग उभा राहत नाही," असं ती बाजारभर सांगत सुटली. मसूद कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस घेऊन आले तेव्हा तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

मिझे समजवायला गेली. "वन्सं, तेल पोटासाठी आहे. मानमोडीला लसच लागते."

"तुला मेलं सगळंच अवघड करायची हौस!"

मानमोडी आली. बियुबवाच्या कोंबड्या माना वेळावून गोल गोल फिरायला लागल्या. तेल घेऊन लगेच ये, असा निरोप आला. मिझे फावडं घेऊन गेली.

दोघींनी मिळून खड्डा खणला, मेलेल्या कोंबड्या पुरल्या, वर चुना टाकला. बियुबवा मातीत फतकल मारून बसली. "वहिनी, अगं, एकदा बोल तरी मला."

"बोलते. आधी हात धुवा."

मग मात्र मिझे तिच्याजवळ बसली आणि बियुबवाचं रडणं संपेपर्यंत उठली नाही. घरी येऊन तिनं कपडे उकळले, डोक्यावरून अंघोळ केली आणि आपल्या शेडकडे दुसऱ्या दिवसापर्यंत फिरकलीसुद्धा नाही. तिच्या कोंबड्या वाचल्या. लस झालेली होती.

बियुबवाची शेड बरेच दिवस रिकामी ठेवावी लागली. नवी पिल्लं आली तेव्हा ती स्वतः एकेक पिल्लू हातात धरून मसूद यांच्यापुढे करत होती. ते डोळ्यात लसीचा थेंब टाकायचे आणि ती पिल्लांना दटावायची, "डोळा उघड ग, सटवे!"

शेवटचं पिल्लू सोडून तिनं मिझेला विचारलं, "आता तेल?"

"आता तेल," मिझे म्हणाली आणि कोंड्याची परात पुढे ओढली.

तेव्हापासून लसीच्या दिवशी बियुबवा मसूद यांच्याबरोबर घरोघर हिंडते. लस नको म्हणणाऱ्यापुढे ती मसूद यांना तोंड उघडू देत नाही, स्वतःच त्याला झापते. डॉक्टर एकटे यायचे तेच बरं होतं, अशी आता गावाची तक्रार आहे.