नुसतं धरायचं

फळी गेली तेव्हा मिक्सरवाली दुकानातच होती. पाठ रस्त्याकडे, डोळ्यांवर चष्मा, हातात दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी इस्त्रीची जळकी वायर. मागे काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला, तेव्हा तिला वाटलं शेजारचा न्हावी बाकडं सरकवतोय. खुर्चीची चाकं वळवून ती दाराशी येईपर्यंत फळी नगरपालिकेच्या ट्रकवर चढलीसुद्धा होती, आणि दुकानातून फूटपाथवर उतरायला उरल्या होत्या नुसत्या उंच पायऱ्या.

"अरे ए! माझी आहे ती!"

"फूटपाथवर आली होती, मावशी. अतिक्रमण आहे," बंदोबस्ताला आलेला हवालदार म्हणाला. पोरसवदा होता, उर्मट नव्हता. "फळीच तर आहे. नगरपालिकेचं गोदाम भरलंय, म्हणून सगळा माल आमच्या ठाण्यात ठेवणार आहेत. या, सही करा आणि घेऊन जा."

"येऊ कशी? उडत?"

पण ट्रक हलला होता. हवालदाराने मागे वळून पाहिलं, काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटलं असावं, पण ट्रक काय त्याच्यासाठी थांबतो?

आता ही फळी म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या दाराच्या दोन लाकडी झडपा जोडून दादाने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, ती बनवली होती. वर टायरचं रबर ठोकलेलं, चाकं घसरू नयेत म्हणून. दुकानाच्या चौकटीला एक लोखंडी कडी आणि कडीला गाठी मारलेला जाड दोर. मिक्सरवाली खालून दोर धरायची आणि हातावर हात टाकत स्वतःला खुर्चीसकट वर ओढून घ्यायची. दम लागला की दोर मनगटाला गुंडाळून थांबायची, दोन शिव्या हासडायची, पुन्हा ओढायची. पहिल्या दिवशी ती अशी वर पोचली तेव्हा दादा रडला होता. ती नव्हती रडली. तिने आत जाऊन आधी शटरला तेल घातलं.

कारण तिचं सगळं लहानपण उचलून घेण्यात गेलं होतं. बाबा उचलायचे, मग काका, मग दादा. सगळे प्रेमाचेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण उचलणाऱ्याच्या सोयीने बसायचं आणि त्याच्याच सोयीने उठायचं, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. एकदा एका लग्नात तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलं आणि सगळे तिला विसरून गेले. लघवीला लागली होती. बारा वर्षांची पोर, कुणाला हाक मारणार? नंतर घरी जे बोलणं झालं त्यात सगळे हळहळले, पण ओल्या परकराची लाज कुणी वाटून घेतली नाही. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच होतं, की आपल्याला कुणी उचलायचं नाही.

आणि फळी गेली त्या संध्याकाळी दादाने आणि न्हाव्याने तिला उचलूनच खाली आणलं. दुसरा इलाज नव्हता. दादाची पाठ आधीच अधू, डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नको म्हणून बजावलेलं. शेवटच्या पायरीवर त्याच्या तोंडून "आई गं" निघालं आणि दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही.

वहिनी शेक देत होती. वाकडं काही बोलली नाही, उलट मायेनेच म्हणाली, "ताई, पुरे झालं आता दुकान. मागची खोली आहे की. तिथेच करा काय ते काम."

मागची खोली! तिथे मिक्सरवालीची सगळी तरुणपणाची वर्षं गेली होती, खिडकीतून दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरी बघत. स्वयंपाकघरातून वाट काढत तिथे कोणतं गिऱ्हाईक येणार होतं? दुकान गेलं की मागची खोली, आणि मागच्या खोलीत एकदा गेलेलं माणूस परत बाहेर येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मी ठाण्यात जाते," ती म्हणाली.

"एकट्या?"

"मग काय वरात काढू?"

दुकानातला दोर तिने न्हाव्याकडून सोडवून घेतला, मांडीवर ठेवला आणि निघाली.

ठाण्याला चार पायऱ्या. त्या तिच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ती इथवर आली होती. दुकानाचं भाडं घ्यायला मालकाचा मेहुणा यायचा. एका दुपारी आत शिरून त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्या अंगाला हात लावला. तिने तापलेली सोल्डरची सळई उगारली म्हणून पळाला मेला. ती तडक ठाण्यात आली, तर समोर या पायऱ्या. वरून एक शिपाई ओरडला, "काय झालं? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!" मागे चहाची टपरी, रिक्षांची रांग. सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्या तोंडून निघालं, "काही नाही, कुलूप हरवलंय." आणि ती परत गेली. दादालाही सांगितलं नाही. मेहुणा अजून दर महिन्याला यायचा. आता आत शिरत नसे, दारात उभा राहून हसायचा. आणि ती भाड्याच्या दिवशी सकाळपासून सळई तापवून ठेवायची.

आज दारात तोच कालचा हवालदार होता. तिला बघून तो लगबगीने खाली आला आणि एकदम खुर्चीचे मागचे दांडे धरले. "चला मावशी, आम्ही दोघं-तिघं उचलतो. एका मिनिटाचं काम."

"हात काढ!"

तो दचकला.

"विचारलंस का मला? तुला मागून येऊन कुणी कंबरेला धरलं तर चालेल?"

हवालदाराचे कान लाल झाले. टपरीवर कुणीतरी फिसकन हसलं. गलका ऐकून ठाण्याचे साहेब बाहेर आले. भारदस्त माणूस, केस पिकलेले. प्रकार ऐकून म्हणाले, "बाई, त्यात काय एवढं? सहीचा कागद खाली पाठवतो. तुम्हाला यायचीसुद्धा गरज नाही."

कुणीही म्हणेल, देवमाणूस! घ्यावी सही करून आणि जावं. पण मिक्सरवालीने मान हलवली.

"बाकीचे कुठे सही करतात?"

"आत. माझ्या टेबलावर."

"मग मीही आतच करणार."

"अहो, हट्ट कशाला?"

"साहेब, माझी फळी तुमच्या आत, मी बाहेर. फळीशिवाय मला आत येता येत नाही आणि आत आल्याशिवाय फळी मिळत नाही. हट्ट माझा आहे का तुमच्या पायऱ्यांचा?"

साहेब म्हणाले, "बघू. नगरपालिकेला कळवतो." आणि आत गेले. आता हे 'बघू' म्हणजे काय, ते कुणाला सांगायला नको.

पण ही बाई कसली हलते! तिने खुर्चीला ब्रेक लावला, पायऱ्यांच्या अगदी समोर. वहिनीला निरोप धाडला. वहिनी तणतणत आली, पण हत्यारांची पेटी घेऊन आली. "लोक काय म्हणतील?" एवढं विचारून झाल्यावर तिने स्वतःच नणंदेच्या डोक्यावर छत्री धरली. मांडीवर एक मिक्सर उघडून मिक्सरवालीने काम सुरू केलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की मिक्सरवालीचं दुकान ठाण्यासमोर आलंय. कुणी पंखा आणला, कुणी इस्त्री. ठाण्यात जाणाऱ्यांना अंग चोरून, भिंतीला घासून वर चढावं लागू लागलं.

"मावशी, हे अतिक्रमण होतंय," हवालदार काकुळतीला आला.

"मग उचल," ती म्हणाली. "पण आधी विचार. आणि मी नाही म्हणणार."

हवालदाराला हसू आलं. मग ते विरलं. तो तिथेच उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि म्हणाला, "काल तुम्ही आतच आहात हे मी पाहिलं होतं. फळी नेली तर उतरणार कशा, हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं. आता काय करू, ते तुम्हीच सांगा."

मिक्सरवालीने पाना खाली ठेवला. सगळ्या जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"फळी आण," ती म्हणाली. "पायऱ्यांवर टाक."

हवालदाराने फळी दारापर्यंत आणली, तसे साहेब पुन्हा बाहेर आले. "सही झाल्याशिवाय जप्त माल बाहेर जात नाही."

"बाहेर कुठे नेतेय? एक टोक तुमच्या दारातच राहील की!"

साहेबांनी फळीकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. वाट अडल्यामुळे ताटकळलेल्या माणसांकडेही पाहिलं. "टाका," ते म्हणाले.

फळी टाकली. खाली चार बोटं कमी पडली, तिथे वहिनीने वीट लावली. पण एक अडचण उरलीच. ठाण्याच्या दाराला दोर बांधायला काही नव्हतं. ना कडी, ना खुंटी.

"मी ओढतो वरून," हवालदार म्हणाला.

"ओढायचं नाही. नुसतं धरायचं. घट्ट. ओढणार मी."

त्याने दाराआड जाऊन पाय चौकटीला टेकवले, दोर कमरेभोवती घेतला आणि धरला. मिक्सरवाली निघाली. फळी करकरली. टपरीवरचे लोक चहा विसरले. मध्यावर चाकं थबकली, तसा दोर किंचित वर सरकला. हवालदाराला राहवलं नव्हतं.

"ओढू नको म्हटलं ना!"

"नाही ओढत, नाही ओढत!"

तिने दम खाल्ला, दोन शिव्या हासडल्या आणि पुढची गाठ पकडली. मग पुढची. शेवटी पुढची चाकं उंबऱ्यावरून आत आली आणि ती ठाण्यात पोचली, घामाने निथळत, स्वतःच्या हातांनी.

साहेबांनी तिला आपल्या खोलीत नेऊन टेबलावर सहीचा कागद सरकवला, वर पेन ठेवलं.

मिक्सरवालीने पेन बाजूला केलं. "सही नंतर. आधी खोलीचं दार लावा. आणि ठाण्यात कुणी बाई पोलीस असतील ना, त्यांना बोलवा. मला दुसरं एक सांगायचंय. तीन वर्षं राहिलंय."

दार लागलं. तिने हळू आवाजात सांगितलं. मोठ्याने बोला असं कुणी म्हटलं नाही. एकदा तिचा आवाज फुटला, तेव्हा बाई पोलिसाने पाण्याचा पेला नुसता जवळ सरकवला आणि थांबली. इतके दिवस का नाही आलात, हा प्रश्न साहेबांच्या ओठावर आला असावा, पण त्यांची नजर खिडकीतून बाहेरच्या पायऱ्यांवर गेली आणि त्यांनी तो गिळला.

"पुन्हा कधी येणार तो?"

"उद्या. भाड्याचा दिवस आहे."

"येऊ दे," बाई पोलीस म्हणाली. "उद्या दुकानात मीही असेन. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल," मिक्सरवाली म्हणाली. मग तिने दोन्ही सह्या केल्या, तक्रारीची आणि फळीची.

खोलीबाहेर आली तर ठाण्याच्या दाराआड हवालदार तसाच. पाय चौकटीला टेकलेले, दोर कमरेभोवती, तोंड लाल.

"अरे, तू अजून इथेच?"

"तुम्ही धरायला सांगितलं होतं, मावशी. सोडायला नाही."

ती खळखळून हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. तिने ते लपवले नाहीत. मग पदराने तोंड पुसलं, दोर मनगटाला गुंडाळला आणि ठाण्याची चौकट निरखून पाहिली.

"इथे एक कडी ठोकून घ्या," ती मागोमाग आलेल्या साहेबांना म्हणाली. "आणि फळी तुमची तुम्ही करा. माझी मला दुकानाला लागते."