देवनहळ्ळीत प्लॉटबरोबर पपनस

शेखरअण्णाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा फोन आला. "रविवारी ये गं. सोमवारी शेतातली झाडं तोडणार, आणि अम्मा काही बोलतच नाही." माझी बडबडी मावशी गप्प? रविवारी सकाळी सहालाच बंगळुरातलं जयनगर सोडलं.

तुम्ही देवनहळ्ळीला जाणार असाल तर मॅजेस्टिकच्या बस स्टँडवरून साधी बस धरा. विमानतळाची एसी बस महाग, शिवाय गावात शिरत नाही. आमचा कंडक्टर "स्वल्प हिंदे होगी" म्हणत सगळ्यांना मागे ढकलत होता. उतरल्यावर किल्ल्याच्या दाराशी इडली-वडा खा. चटणी दोनदा मागा, देतात. मग तटावर चढा, तिकीट नाही. एका बाजूला कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि डोक्यावरून विमान!

माझ्या लहानपणी या गावात द्राक्षं आणि पपनस पिकायचं. विमानतळ आला, रस्ते रुंदावले, शेतांचे लेआउट झाले. मावशीने शेत शेवटपर्यंत धरून ठेवलं, पण तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. आता तिथे चाळीस प्लॉट पडलेत, आणि पपनसाची झाडं नेमकी रस्त्याच्या आखणीत. ती गेल्यावर मावशी कशासाठी उठणार, हीच मला भीती.

पोचले तर मावशीबाई झाडाखाली स्टुलावर उभ्या! "तोंड काय बघतेस? धर ही फांदी." फांद्याफांद्यांवर प्लॅस्टिकच्या गाठोड्या. तिने पावसाळ्यातच गुटी कलमं बांधली होती: साल सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, दोनेक महिन्यांत मुळं फुटतात. प्रत्येक प्लॉटला एक कलम, असा तिचा बेत.

"कोण घेणार, अम्मा? लोकांना कार लावायला जागा हवी," अण्णा म्हणाला.

"नाही घेतलं तर वंश बुडाला याचा," ती म्हणाली आणि खोडाला हात लावून उभी राहिली. मला बघवेना.

दहाच्या सुमारास महादेवपुऱ्याहून एक जोडपं प्लॉट बघायला आलं. दोघं आयटीतली, मूळची पुण्याची. मुलगी म्हणाली, "सो स्वीट! पण याला मेन्टेनन्स किती?" माझं टाळकंच सरकलं. मावशीने मात्र शांतपणे पपनस सोललं, लाल फोडींवर तिखट-मीठ टाकलं. नवरा खातच सुटला.

"काकू, हे कुठे विकत मिळतं?"

"इथेच मिळायचं. उद्यापासून नाही."

मुलीने हात पुढे केला. "द्या एक. पण मला झाडातलं ओ की ठो कळत नाही हां."

"सरी, चालेल. मी आहे ना," मावशी म्हणाली.

दुपारपर्यंत सात कुटुंबं येऊन गेली. पाच जणांनी कलमं नेली, दोघांनी गोड बोलून टाळलं. उरलेली कलमं आम्ही पिशव्यांत लावून अंगणात मांडली. परतीच्या बसमध्ये मी रडले, लपवत नाही. जुनी झाडं गेली ती गेलीच. नव्या गावाला सावली यायला वर्षं जातील.

काल मावशीला फोन लावला. तीनदा लाईन बिझी. चौथ्यांदा उचलला. "अगं, त्या पुण्याच्या पोरीच्या झाडाचं पान पिवळं पडलंय. मघापासून तिलाच सांगत्येय. आता आणखी कुणाचा तरी येतोय, ठेवते गं!"

मला एक शब्द बोलू न देता ठेवलासुद्धा.