हरकत असल्यास कळवावे

भागवत सर कॉलेजात फारसे कुणाला आवडत नसत, आणि त्याला कारण त्यांचं तोंड. राहायचे बीबी गावात, लोणार तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि स्टाफरूममध्ये कुणाचा शोधनिबंध छापून आला की विचारायचे, "यातलं तुमी काय केलं?" पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांचं पीक आलेला तो काळ. लोक हौसेनं पेढे वाटायचे आणि हा माणूस पेढा खाता खाता नेमकं हेच विचारायचा. पेढा मात्र सोडायचा नाही.

प्राचार्य हिंमतराव त्यांचे जुने दोस्त. कॉलेजातल्या प्रत्येक निबंधावर साहेबांचं नाव असायचंच, मग तो बोंडअळीवर असो की संतवाङ्मयावर. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चुलत्या-मावशांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची नावं घालतात. एखादं राहिलं तर तो माणूस मांडवात पाय ठेवत नाही. निबंधाचंही तसंच चाललं होतं, मानाचं नाव वर. एकदा हिंमतराव सरळच म्हणाले, "भागवत, तुह्या त्या विहिरीवरल्या सुगरणीच्या पेपरात माहं नाव टाकजो बे."

"तू एक तरी विहीर पाह्यली काय?"

"प्राचार्य हाये ना मी!"

"मंग पोरीच्या पत्रिकेत टाकतो. इथं ज्यानं काम केलं त्याचंच नाव." आणि एवढ्यावर थांबतील तर ते भागवत सर कसले? आयत्या बिळावर नागोबा असंही वर म्हणून घेतलं. हिंमतराव कितीतरी दिवस बोलले नाहीत.

सरांचा अभ्यास साधाच होता. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्षी घरटी लोंबवतात. हल्ली लोक विहिरींवर लोखंडी जाळ्या टाकतात, काठची झाडं तोडतात. मग पाखरं जातात कुठं? बीबीपासून दुसरबीडपर्यंतच्या विहिरी ते पावसाळाभर मोटारसायकलवर हिंडायचे, आणि मागे बसलेली असायची पुष्पांजली, त्यांची बायको. ती यायची ती घरी एकटीला करमत नाही म्हणून. शेताच्या धुऱ्यावर बसून शेंगा फोडायची, तण निंदणाऱ्या बायकांशी गप्पा हाणायची, छत्री धरायची. सरांची मोजणी झाली की आपणही मोजायची, आणि तिचा आकडा हमखास जास्त भरायचा. नरानं अर्धवट विणून सोडून दिलेली घरटीही ती धरायची. "त्यानंबी जीव लावला असंन ना," म्हणायची. सरांनी तिची मोजणी कधीच लिहून घेतली नाही.

एकदा विहिरीवरून उठता उठता तिनं विचारलं, "या पेपरात माहं नाव येईन काय हो?"

"येईन ना," सर म्हणाले. बायकोला म्हणतात तसं म्हणाले.

पुढे पुष्पांजली काविळीनं गेली. पोरगी प्रेरणा तेव्हा लग्न होऊन संभाजीनगरला नांदत होती. सरांच्या घरात उरलं दोन माणसांचं सामान आणि एक माणूस.

तीन वर्षांनी निबंध लिहून झाला. सरांनी तो एका नावाजलेल्या जर्नलला पाठवायला घेतला, त्यांच्या वेबसाइटच्या पानावर आधी आपलं नाव टाकलं आणि त्याखाली पुष्पांजलीचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पेढा खाता खाता दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवणाऱ्या माणसाचा हात इथं घसरला. बरं, पान म्हणालं, प्रत्येक लेखकाचा ईमेल द्या. लेखक हयात नसल्यास तसं कळवा, अशीही ओळ होती. सरांनी ती वाचली, आणि बायकोच्या नावानं नवा ईमेल उघडला.

दोन दिवसांनी त्या ईमेलवर जर्नलच्या संपादकाचं पत्र आलं. प्रिय पुष्पांजली मॅडम, या निबंधाच्या आपण सहलेखिका आहात, आपली संमती आहे ना?

सर ते पत्र वाचत बसले. तीन वर्षं जो तो तिच्याबद्दल 'होती' म्हणत होता. चांगली होती, हसरी होती, हाताला चव होती. हा पहिला माणूस तिला 'आहात' म्हणत होता. सरांनी तिच्या नावानं संमती कळवली, आणि तेवढ्यानं जीव भरेना म्हणून एक प्रश्नही जोडला: तुमच्याकडे पाखरांचे फोटो रंगीत छापतात का? तिनं विचारलंच असतं. संपादकानं उत्तर दिलं, छापतो, मॅडम, जरूर पाठवा. मग काय, कॉलेजातून आले की चहाच्या आधी सर तिची पत्रं बघू लागले. कुणीतरी तिची वाट पाहतंय आणि ती उत्तर देतेय, एवढ्यावर त्यांची संध्याकाळ निभत होती. फार आठवण यायची हो त्यांना तिची, आणि ती सांगायची कुणाला?

मग पुढचं पत्र आलं. निबंध आवडला आहे, आता प्रत्येक लेखकानं आपण नेमकं काय काम केलं ते स्वतः लिहून कळवावं.

म्हणजे सरांचाच प्रश्न, सरांच्याच दारात. त्यांनी तिच्या वतीनं लिहिलं, 'घरटी मोजली.' खोडलं. 'नोंदी ठेवल्या.' तेही खोडलं. छत्री धरली, शेंगा दिल्या, सोबत केली, हे लिहायला तिथं जागा नव्हती. सरांना तर तिचा आवाजच आला, "काऊन माह्या नावानं खोटं लिहून राह्यले?"

कॉलेजची मंजुरी लागते म्हणून ते हिंमतरावांकडे गेले. साहेबांनी नावं वाचली. आता हा माणूस जुनं उट्टं काढणार, म्हणून सरांनी मान खाली घातली. हिंमतरावांनी सही केली आणि म्हणाले, "राहू दे वहिनीचं नाव. कोन विचारते?"

टोमणा मारला असता तर सर भांडले असते, नाव तसंच ठेवलं असतं. या मायेपुढे मात्र त्यांचं काही चालेना. कोण विचारतं? आजवर तेच तर विचारत आले होते.

त्यांनी प्रेरणाला फोन लावला. नाव काढतो म्हणाले. पोरगी चिडली. "पप्पा, मम्मीनं काय नाही केलं तुमच्यासाठी?"

"माह्यासाठी लय केलं, बाई. त्या पेपरासाठी नाही केलं."

पलीकडे प्रेरणा रडायला लागली. इकडे सरांनी फोन कानालाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादकाला खरं ते लिहिलं. पत्नी हयात नाही, तिची पत्रं मी लिहिली, तिनं सोबत केली, संशोधन केलं नाही. निबंध परत करायचा तर करा. संपादकानं निबंध ठेवला, पण चार खडे बोल सुनावूनच: दुसऱ्याच्या नावानं संमती देणं हा गंभीर दोष आहे, नवं प्रतिज्ञापत्र पाठवा. शेवटी लिहिलं होतं, आपल्या दुःखात सहभागी आहोत; आभारात त्यांचा उल्लेख करता येईल. सरांनी आभारात एक ओळ घातली. लेखकाच्या जागी एकट्याचं नाव उरलं.

संपादकाला कळलं होतं, पण त्यांच्या यंत्राला कोण सांगणार? त्यानं पुष्पांजलीच्या ईमेलवर आपोआप एक सूचना धाडली. आपलं नाव लेखकांच्या यादीतून वगळण्यात आलं आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.

'हरकत नाही' एवढंच लिहिलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण तिच्या नावानं आता एक अक्षर लिहायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. ते नुसते वाट पाहत राहिले. संसारात हिनं हरकत घेतली नाही असा दिवस नव्हता. भाजी आणली की वांगी जून, सदरा घातला की रंग उडालेला, पाहुणा थांबवला की आधी सांगितलं काऊन नाही. आणि इथं तर चक्क तिचं नाव काढलं होतं, तिनं हौसेनं मागितलेलं. सर रोज चहाच्या आधी ईमेल उघडायचे. आपण वेडेपणा करतोय हे त्यांना कळत होतं, तरी उघडायचे.

सात दिवस झाले. हरकत आली नाही. पुष्पांजली गेली, हे भागवत सरांना त्या दिवशी पटलं.