पण त्यांना बोलावलं कोणी?

नववीच्या इतिहासात रशियातल्या यादवी युद्धाचा धडा येतो. फ्रेंच, अमेरिकन, ब्रिटिश आणि जपानी सैन्यं त्यात उतरली, एवढं एका वाक्यात सांगून पुस्तक पुढे जातं. बडोद्यात अलकापुरीजवळच्या आमच्या इंग्रजी शाळेत मीही बरीच वर्षं तशीच पुढे जात होते.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. वडील रिफायनरीत, घरी मराठी, पण शाळेत ती गुजरातीतच बोलायची.

"मॅडम, पण एमने बोलाव्या कोणे?"

"त्यांना ना? लढणाऱ्यांपैकीच एका बाजूने," मी म्हटलं.

"मग ते परत कधी गेले?"

कोण लवकर गेलं, कोण रेंगाळलं, कोणाचा काय स्वार्थ होता, असं मी घाईघाईत सांगितलं. घंटा झाली. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी सासरे तुवेर, म्हणजे ओली तूर, सोलत बसले होते. मीही शेंगा घेऊन बसले आणि वर्गातली गोष्ट सांगितली.

"त्यासाठी रशियाला कशाला जायचं?" ते म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वी आपल्या बडोद्यात झालंय की. गादीवरून भाऊबंदकी पेटली. अरब शिबंदी, म्हणजे भाडोत्री फौज, शहर अडवून बसली. दरबाराने मुंबईहून इंग्रजांची पलटण आणली. शिबंदी गेली, भांडण मिटलं, पण इंग्रजांचा रेसिडेंट बसला तो बसलाच."

"बाबा, हेच वर्गात येऊन सांगा ना."

"मी? माझं इंग्रजी ऐकून पोरं हसतील."

"गुजरातीत सांगा."

रेल्वेतल्या सबंध नोकरीत ते कधी चार माणसांपुढे बोलायला उभे राहिले नव्हते. तरी प्राचार्यांची परवानगी मिळाल्यावर शुक्रवारी ते लग्नाकार्याचा कोट घालून आले. पहिली दोन मिनिटं ते फळ्याशीच बोलत होते. मग खडू घेऊन त्यांनी शहराचा तट आणि चार दरवाजे काढले, पलटण कुठून आली ते दाखवलं, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. आपले पूर्वज राज्याच्या फौजेत होते, हेही ते बोलता बोलता सांगून गेले.

तीच मुलगी उठली. गुजरातीत आजोबांना म्हणतात तसं 'दादा' म्हणत तिने विचारलं, "दादा, तुमचे पूर्वज राज्याच्या फौजेत होते ना? ते कोणत्या बाजूने लढले?"

घरातली पूर्वजांची तलवार हा बाबांचा जीव की प्राण. दसऱ्याला तिची पूजा ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

त्यांनी खडू खाली ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. तलवार कोणावर उपसली होती ते घरात कोणी सांगितलं नाही, आणि आजवर मीही विचारलं नाही."

मागून एका मुलाने विचारलं, "म्हणजे इंग्रजांना बोलावणं चुकीचंच होतं?"

"दरवाजे बंद, बाहेर पडायची सोय नाही, घरात दाणा नाही. अशा माणसाला पलटण दिसल्यावर हायसं वाटलं असेल," बाबा म्हणाले. "त्याच्या नातवाला विचारलं असतंस तर तो कदाचित शिव्या देत बसला असता."

मुलं हसली. तास संपल्यावरही पाच-सहा जण त्यांना सोडेनात. घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "हुशार आहे हां ती पोरगी."

दुसऱ्या आठवड्यापासून ते सरकारी ग्रंथालयात जाऊ लागले. जुने कागद मोडी लिपीत, आणि मोडी येत नाही, म्हणून एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी मोडी शिकायला घेतली. मी जेवणाच्या टेबलावर वह्या तपासते, तेव्हा समोर ते अक्षरं गिरवतात. त्यांचे पूर्वज कोणत्या बाजूला होते ते अजून कळलेलं नाही.

परवा त्यांनी एका कागदावर माझं नाव मोडीत लिहून माझ्यापुढे सरकवलं. इतिहासाची शिक्षिका असून मला ते वाचता येईना. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी बाजूला केला, आपली वही उघडली आणि मला 'अ'पासून शिकवायला घेतलं.