ऐंशी मिलीच्या सहा पायऱ्या

रिसोडच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन चार महिने झाले नसतील, तोच माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. पुण्यात बारा वर्षं नोकरी करून तो परत आला होता आणि बसस्टँडच्या मागे, एका कृषी केंद्राच्या गोदामावर त्याने ऑफिस थाटलं होतं. शेतकऱ्याने मोबाईलवर प्रश्न विचारायचा आणि एआय मदतनीसाने मराठीत उत्तर द्यायचं, असा त्याचा धंदा.

"मॅडम, नुसतं उत्तर कोणीही देतं," तो म्हणाला. "आम्ही त्याला विचार करायला लावतो. पायरी-पायरीनं. त्या पायऱ्या तुम्ही तपासायच्या."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. घरात बसून सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यापेक्षा हे बरं. शिवाय पायऱ्या तपासणं हे माझंच काम. जन्मभर दुसरं केलं काय होतं?

मदतनीस त्याचा नव्हता, तो कुठून तरी भाड्याने घेतलेला. त्याचं स्वतःचं होतं ते एवढंच: त्या मदतनीसावर बसवलेलं एक साधन. हे साधन मदतनीसाला थेट उत्तर देऊ देत नसे. आधी काय विचारलंय ते लिही, मग काय माहीत आहे ते लिही, मग आकडेमोड, असं करत शेवटी 'पडताळणी'. प्रत्येक पायरी हिरव्या चौकटीत, डोक्यावर नंबर. दिसायला इतकं देखणं, की आमच्या बोर्डाच्या पेपरात असं लिहिणाऱ्या मुलीला मी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की हे साधन स्वतः काहीच करत नाही. मदतनीस जे लिहील ते घ्यायचं, त्यावर नंबर टाकायचा आणि पुढची पायरी मागायची. ती पायरी खरी की खोटी, हे त्याच्या बापालाही कळत नव्हतं. बँकेच्या दारात टोकन देणारा माणूस याहून जास्त डोकं वापरतो. मी तसं बोलले, तर माझा विद्यार्थी, म्हणजे आता आमचे साहेब, हसले. "मॅडम, रचना दिली की विचार आपोआप सुधारतो." 'रचना' हा शब्द तो दिवसातून वीसदा बोलायचा. त्याचा अर्थ त्याला विचारायची सोय नव्हती.

जुलैत अकोल्याहून पाहुणे यायचे ठरले. साधन त्यांना पसंत पडलं तर दुसऱ्या जिल्ह्यांतही जाणार होतं. प्रोजेक्टर आला, समोसे आले. पुढची रांग भरलेली दिसावी म्हणून खालच्या कृषी केंद्राच्या मालकांनाही वर बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, सगळं रिसोड त्यांना चाचा म्हणतं. ते हातातला हिशेबाचा पेन खिशाला लावून शेवटी येऊन बसले.

पडद्यावर साहेबांनी एक खरा प्रश्न दाखवला. जऊळक्याच्या एका बाईने तीन दिवसांपूर्वी विचारलेला. दोन एकर सोयाबीन आहे, तण माजलंय. तणनाशक एकरी चारशे मिली लागतं. एकराला पाठीवरचे दहा पंप पाणी लागतं. तर एका पंपात औषध किती टाकू?

मदतनीसाच्या सहा पायऱ्या एकामागून एक उघडल्या. दोन एकरांचं औषध आठशे मिली. पंप दहा. आठशे भागिले दहा, ऐंशी. सहावी पायरी पडताळणीची: ऐंशी गुणिले दहा, आठशे. बरोबर. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

चाचा उठून उभे राहिले. "साहेब, एक बात सांगा. हे दहा पंप किती एकराले?"

"चाचा, सगळं त्यात आहे. शेवटी पडताळणीही केलीय बघा."

"ते पाह्यलं म्या. पर दहा पंप एका एकराले लागते, असं ते बाईच सांगून राह्यली. एकर दोन हायेत. मंग वीस पंप झाले का नाई? चाळीस टाकाचं. ऐंशी टाकलं तं सोयाबीन जळते ना, बाप्पा!"

मी पडद्याकडे पाहत होते. त्या सहाव्या पायरीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण होती. ती खूण माझी होती.

साहेब सावरले. दुसरी पायरी आपण दुरुस्त करू, साधनात तशी सोय आहे, म्हणाले. मीच पुढे होऊन त्या चौकटीत लिहिलं: पंप वीस. पुढच्या पायऱ्या पुन्हा उमटल्या. आठशे भागिले वीस, चाळीस. पडताळणी, चाळीस गुणिले वीस, आठशे, बरोबर. आणि खाली ठळक अक्षरात अंतिम उत्तर: प्रत्येक पंपात ऐंशी मिली टाकावे.

मला हसू फुटलं. आवरलंच नाही. असली पोरं मी दरवर्षी पाहिली आहेत. गाईडच्या शेवटच्या पानावरून उत्तर आधी उतरवायचं आणि वरची जागा पायऱ्यांनी भरून काढायची. त्या पोरांना निदान पकडल्यावर खाली मान घालता यायची.

पाहुणे समोसे खाऊन गेले. साहेबांनी मला सांगितलं, की ते आता आणखी दोन पायऱ्या वाढवणार आहेत. 'पुनर्पडताळणी' आणि 'आत्मपरीक्षण'.

"आत्मपरीक्षण कोणाचं?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही.

मी त्या बाईला फोन लावला. उत्तर तिला त्याच दिवशी गेलं होतं. तिने फवारणीही केली होती. दुसऱ्या दिवशी जवळच्याच मालेगावला गाडी बदलून मी जऊळक्याला गेले. साहेब म्हणाले, ऑफिसची माणसं अशी घरोघर जायला लागली तर कंपनी कशी वाढणार.

बाई चाळिशीची, बोलायला रोखठोक. तिने मला सरळ वावरातच नेलं. धुऱ्याकडचं, बांधालगतचं अर्धं एकर सोयाबीन वेगळंच दिसत होतं. पानांच्या कडा करपलेल्या, शेंडे आकसलेले. पलीकडे दीड एकर हिरवंगार, तणासकट.

"दरसाली आमचे हे फवारते," ती म्हणाली. "यंदा त्याइचा हात मोडला. पाच पंप मारले अन् बाटली सरली. एक बाटली म्हंजे एक एकर, इतकं मले ठाव हाय. झालं तं अर्धंच होतं. तवा थांबली."

"आधी दुकानात का नाही विचारलं?"

"इचारत होती ना. नुसतं ऐंशी म्हनलं असतं तं नक्की इचारलं असतं. पर त्यानं सहा सहा पायऱ्या दाखवल्या, पडताळनी केली. मले वाटलं, येवढं लिहून राह्यला तं खरंच असन." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तिथं काय करता?"

"तपासते."

"मंग तपासलं काहून नाई?"

प्रश्न मी वाचलाच नव्हता. पायऱ्या वाचल्या, त्या एकमेकींना जुळत होत्या, खूण केली. एकतीस वर्षं मी असेच मार्क दिले: उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना तीन. सुबक अक्षराला मनातल्या मनात आणखी अर्धा. त्या साधनाला मी आठवडाभर हसले होते, आणि माझी त्याच्याहून जास्त काही लायकी नव्हती. मी तिला तसंच सांगितलं. ती रागावली नाही. 'चहा घ्या' म्हणाली. ते जास्त लागलं.

काम मी त्याच आठवड्यात सोडलं. साहेबांनी तिला माफीचा मेसेज पाठवला. तो मदतनीसानेच लिहिला होता, हे वाचताक्षणी कळत होतं. अकोल्याच्या पाहुण्यांनी साधन पसंत केलं, असंही नंतर ऐकलं. आठ पायऱ्या त्यांना सहापेक्षा जास्त भरवशाच्या वाटल्या असाव्यात.

करपलेल्या सोयाबीनला पंधरा दिवसांनी नवी पालवी फुटली, पण ते बुटकंच राहिलं. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. अळी पडली होती, औषध आणलं होतं, माप सांगता का, म्हणाली.

"बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा," मी म्हटलं. तिने अडखळत वाचलं. मी कागदावर गणित केलं, पण आकडा सांगितला नाही. "आता तुम्ही करा. मी थांबते."

फोनवर बराच वेळ तिची कुजबुज ऐकू येत होती. बोटांवर मोजत असावी. मग तिने आकडा सांगितला. माझा वेगळा आला होता. आम्ही दोघींनी पुन्हा केलं. चूक माझी होती.